गोल्फचा स्विंग: नक्कल नेमकी कशाची करायची?

नाशिककरांनो, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला आपण आजही सर्रास 'गोल्फ क्लब' म्हणतो. तिथे रंगतात ते क्रिकेटचे सामने, पण नावात गोल्फ आहेच! म्हणून आज माझ्या या लाडक्या खेळाबद्दल.

स्विंग, म्हणजे चेंडू मारण्यासाठी काठी फिरवणं, उत्तम कशामुळे होतो? दिसण्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. काठी खाली येताना आधी कंबर वळते, मग छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी काठीचं डोकं. शरीराचा वेग असा पुढे पुढे सरकत चेंडूपर्यंत पोहोचतो. काठी चेंडूला टेकते ती सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती. त्या क्षणी काठीचा चेहरा, म्हणजे चेंडूला भिडणारी बाजू, जिकडे, मुख्यतः तिकडेच चेंडू निघतो.

आता व्यावसायिक गोल्फपटू जिम फ्युरिकचा स्विंग बघा. काठी वर जाते एका वाटेने आणि खाली येते मोठा वळसा घेऊन. पुस्तकात न बसणारा स्विंग! तरीही त्याने २००३ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरच्या इतिहासातली ५८ फटक्यांची पहिलीवहिली फेरी नोंदवली. कारण चेंडूशी भेट होताना काठी दरवेळी अचूक जागी असते.

म्हणून नवशिक्यांनो, मोठ्या खेळाडूंकडून हे जरूर उचला:
✅ तोल
✅ लय
✅ पकड आणि उभं राहणं

वळण किती घ्यायचं, हे मात्र तुमची उंची आणि कंबरेची लवचिकता ठरवेल. दुसऱ्याचा सदरा आपल्याला बसेलच असं नाही.

तुम्हाला कुणाचा स्विंग आवडतो? नक्की सांगा! 🏌️

#गोल्फ #नाशिक