पायथॉन-दोनची मुदत संपली, म्हणजे नेमके काय संपले?

पायथॉन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीचा अधिकृत सांभाळ 1 जानेवारी 2020 रोजी संपुष्टात आला. ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या जगात अशा समाप्त्या नित्याच्याच असल्या, तरी या एका समाप्तीचा जितका गवगवा झाला तितका क्वचितच होतो, आणि त्यासंबंधीचे गैरसमज आजतागायत वहिवाटीच्या हक्काने टिकून आहेत.

त्यांतील सर्वांत ढोबळ समज असा की, मुदत संपताच जुने प्रोग्राम बंद पडतात, निदान ते चालवणे तरी बेकायदा ठरते. यांपैकी काहीही घडत नाही. 31 डिसेंबरला चालणारा प्रोग्राम दुसऱ्या दिवशीही तसाच चालला. परवान्याला कालमर्यादा नव्हती, आणि मूळ कोड आजही ज्याला हवा त्याला उतरवून घेता येतो. संपली ती वापराची मुभा नव्हे, तर दोष आढळल्यास तो दुरुस्त करण्याची, कर्त्यांनी आपण होऊन पत्करलेली जबाबदारी. 2.7.18 ही अखेरची आवृत्ती एप्रिल 2020 मध्ये निघाली आणि त्या शाखेचे दप्तर बंद झाले.

कर्त्यांनी एकाएकी अंग काढून घेतले, ही तक्रार तर तारखांपुढे क्षणभरही टिकत नाही. पायथॉन-तीन डिसेंबर 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, 2.7 ही जुन्या पिढीची शेवटची मुख्य आवृत्ती 2010 मध्ये आली. तिची मुदत प्रथम 2015 ची ठरली होती, आणि लोकांची तयारी नाही असे दिसून आल्यावर 2014 मध्ये तीत आणखी पाच वर्षांची वाढ देण्यात आली. अकरा वर्षांची ही सवलत ज्यांना अपुरी वाटली, त्यांना इतकी सवड दुसऱ्या कोणत्या नोटिशीने दिली असती, हे मला तरी सांगता येणार नाही.

हा सारा खटाटोप नव्या आकड्याच्या हौसेपोटी झाला, असे म्हणणाऱ्यांनी मराठी मजकुरावरच प्रयोग करून पाहावा. यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. जुन्या पायथॉनची साधी स्ट्रिंग ही मुळात बाइटांची माळ असल्यामुळे ‘मराठी’ या शब्दाची लांबी ती पंधरा सांगे, तर नवी पायथॉन म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे मोजते. जुन्या भाषेत युनिकोडची सोय नव्हती असे नाही. परंतु ती वेगळी मागून घ्यावी लागे, आणि जिथे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळत तिथे इंग्रजीपुरता बिनतक्रार चालणारा प्रोग्राम देवनागरीचे पहिले अक्षर येताच कोसळे. पूर्णांकांच्या भागाकाराचीही तीच गत: पाचाला दोनाने भागले की उत्तर दोन! असे दोष भाषेच्या पायातच असल्यामुळे जुन्या कोडला धक्का न लावता ते काढणे अशक्य होते.

‘कोड खुला आहे, तेव्हा कोणीतरी दुरुस्त करीलच’ हा समज मात्र अर्धा खरा असल्यामुळे अधिक घातक आहे. जानेवारी 2021 मध्ये पायथॉनच्या सीटाइप्स या भागात एक गंभीर दोष उजेडात आला आणि तो जुन्या आवृत्तीतही होता. मूळ कर्त्यांनी दुरुस्ती केली ती पायथॉन-तीनच्या चालू शाखांपुरती. उबंटूसारख्या लिनक्स-वितरकांनी ती आपल्या खर्चाने 2.7 मध्येही उतरवली, कारण आपल्या ग्राहकांना त्यांनी तसा शब्द दिला होता. ज्याने मूळ कोड स्वतः उतरवून बसवला होता, त्याच्याशी मात्र कोणाचाच करार नव्हता. ‘जुने ते तावूनसुलाखून निघालेले, म्हणून निर्धोक’ हा युक्तिवादही इथेच लंगडा पडतो. नव्या शाखेतील दुरुस्ती जाहीर झाली की, तोच दोष जुन्या शाखेत कुठे दडला आहे याचा पत्ता दुष्टबुद्धीच्या माणसालाही आयताच मिळतो.

शिवाय भाषा एकटी जात नाही. नमपाय, जँगो यांसारख्या तयार कोडच्या लायब्रऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांनी जुन्या पायथॉनची साथ सोडलीच होती; जानेवारी 2021 मध्ये अशा लायब्रऱ्या बसवून देणाऱ्या पिप या साधनानेही ती सोडली. स्थलांतराचा जो खर्च टाळला असे वाटत होते, तो केवळ कर्त्यांच्या खात्यातून वापरणाऱ्याच्या खात्यात वळता झाला.

पायथॉन-तीनलाही हाच नियम लागू आहे. आता दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येकीचा सांभाळ सुमारे पाच वर्षे होतो. त्या हिशेबाने 3.8 ची मुदत ऑक्टोबर 2024 मध्ये आणि 3.9 ची ऑक्टोबर 2025 मध्ये संपली. तेव्हा आपल्या कचेरीतील यंत्रांवर कोणती आवृत्ती चालू आहे, आणि तिच्या दुरुस्तीची हमी आज कोणी घेतलेली आहे की नाही, याची चौकशी वाचकांनी वेळीच करून ठेवावी.