रंगमंचावरून उतरलेले शब्द

इंग्रजी वृत्तपत्र उघडले, की एकाच पानावर चार-पाच नाटके एकदम चालू असल्याचा भास होतो. कोठे पूल कोसळून माणसे दगावली, तर ती ‘ट्रॅजेडी’. चौकशी नेमली, पण कोणी काही विचारलेच नाही, तर तो ‘फार्स’. रामाचे पत्र गोविंदाला आणि गोविंदाचे रामाला जाऊन घोटाळा उडाला, तर ती ‘कॉमेडी ऑफ एरर्स’. हे तर शेक्सपिअरच्या एका नाटकाचे नावच आहे. आणि कोणी क्षुल्लक कारणावरून ऊर बडवू लागला, तर तो ‘मेलोड्रामा’. हे शब्द वापरणाऱ्या कित्येकांनी नाट्यगृहाची पायरीही चढलेली नसते. तरीही शब्द रंगमंचावरचेच.

त्यांतील पहिली जोडी ग्रीस देशातील आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्स नगरीत डायोनिसस देवाच्या उत्सवात नाटकांच्या स्पर्धा होत. ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर प्रेक्षक बसत. ट्रॅजेडी या शब्दाचा मूळ अर्थ ‘बोकडाचे गाणे’ असा आहे. बोकड बक्षीस म्हणून दिला जाई, की त्याचा बळी दिला जाई, यावर पंडितांचे अद्याप एकमत नाही. कॉमेडी म्हणजे नाचत-गात हिंडणाऱ्या मेळ्याचे गाणे.

मराठीत ट्रॅजेडीला ‘शोकांतिका’ म्हणतात. म्हणजे जिचा अंत शोकात होतो ती. ग्रीकांना मात्र ही अट मान्य झाली नसती. एस्किलसच्या एका ट्रॅजेडीच्या शेवटी आरोपी निर्दोष सुटतो आणि मिरवणूक निघते. विषयाची थोरवी आणि प्रेक्षकांच्या मनात दाटून येणारी करुणा व भीती यांवर ग्रीकांचा भर होता. ॲरिस्टॉटलच्या मते, फार दुष्टही नाही आणि अगदी निर्दोषही नाही असा मनुष्य स्वतःच्या एखाद्या चुकीमुळे कोसळला, तर ती कथा उत्तम. या मापाने पाहिले, तर पूल कोसळणे हा अपघात ठरतो. आपल्या हाताखालच्यांनी वारंवार बजावूनही पुलाची तपासणी न करणाऱ्या अभिमानी अभियंत्याची कथा मात्र ट्रॅजेडी होऊ शकते. वृत्तपत्रांना हा भेद करण्याइतकी सवड नसते.

फार्स या शब्दाचे मूळ स्वयंपाकघरात सापडते. लॅटिन भाषेत त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘ठासून भरणे’ असा होतो. भरल्या वांग्यात जसा मसाला भरतात, तशा पदार्थात भरावयाच्या सारणाला फ्रेंच आचारी आजही ‘फार्स’ म्हणतात. मध्ययुगात गंभीर धार्मिक नाटकांच्या मधूनमधून हास्यकारक प्रवेश भरले जात. त्यांना तेच नाव पडले. एकोणिसाव्या शतकात मराठी रंगभूमीवरही पौराणिक नाटक संपल्यावर फार्स करून दाखवण्याची चाल पडली. तेथून तो शब्द मराठीत असा रुळला, की ‘सभा कसली, नुसता फार्स झाला’ असे म्हणणाऱ्याला आपण परका शब्द वापरतो आहोत याची जाणीवही नसते.

मेलोड्रामा म्हणजे मुळात संगीताची साथ असलेले नाट्य. हा प्रकार फ्रान्समधून आला. इंग्लंडात १८०२ मध्ये टॉमस होलक्रॉफ्ट याने ‘अ टेल ऑफ मिस्टरी’ हे तसले नाटक रंगभूमीवर आणले. त्या काळी लंडनमध्ये निव्वळ गद्य संवादांचे नाटक करण्याचा परवाना मोजक्याच नाट्यगृहांना होता. इतरांनी संगीताचा आधार घेऊन कायद्यातून वाट काढली, आणि मेलोड्रामा फोफावला. खलपुरुष आला की वाद्ये गुरगुरत, नायिका आली की कोमल सूर निघत. १८४३ मध्ये तो निर्बंध उठला, पण भडक भावनांची सवय जडली ती जडलीच. नाव आता त्या भडकपणालाच चिकटले आहे, आणि संगीताचे कोणाला स्मरणही नाही.

या सर्वांत गमतीचा जन्म ‘ट्रॅजिकॉमेडी’चा. प्लॉटस या रोमन नाटककाराने ‘ॲम्फिट्रिओ’ नावाचे नाटक लिहिले. त्याच्या आरंभी मर्क्युरी हा देव येऊन सांगतो, की आता ट्रॅजेडी होणार. प्रेक्षकांच्या कपाळावर आठ्या पडलेल्या पाहून तो त्यांना धीर देतो. नाटकात देव आणि राजे आहेत म्हणून ती निव्वळ कॉमेडी होऊ शकत नाही. पण एक गुलामही आहे, तेव्हा दोन्हींची मिसळ करून ट्रॅजिकॉमेडी करू, असे तो म्हणतो. शब्द असा थट्टेत जन्मला.

पुढे विद्वानांनी या मिसळीला नाके मुरडली. सर फिलिप सिडनीच्या १५९५ मध्ये छापलेल्या ग्रंथात राजे आणि विदूषक यांना एकत्र आणणाऱ्या नाटकांची चांगलीच हजेरी घेतली आहे. शेक्सपिअरने ते मनावर घेतले नाही. ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून होतो, दारावर थापा पडू लागतात, आणि दार उघडायला येतो तो झिंगलेला, बडबड्या द्वारपाल! प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता आत पडलेले प्रेत त्यांना आठवत राहते. मराठीत राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात तळीरामाचे प्रवेश असेच आहेत.

‘किंग लिअर’ नाटकात वादळी रात्री घराबाहेर पडलेल्या वृद्ध राजासोबत त्याचा विदूषक असतो. नेहम टेट याने १६८१ मध्ये या नाटकाला सुखाचा शेवट जोडला आणि विदूषकाला काढूनच टाकले. हसणे आणि रडणे यांची सरमिसळ त्या काळाला असभ्य वाटे. सॅम्युएल जॉन्सनने १७६५ मध्ये मिश्रणाची बाजू घेतली: एक जण मेजवानीला धावत असतो, त्याच घटकेला दुसरा आपल्या मित्राला मूठमाती देत असतो; जग असेच आहे, मग नाटकाने का नसावे? तरीही विदूषक परतला तो १८३८ मध्ये. मॅक्रेडी या नटाने त्याला पुन्हा आणले, तेही मनात धास्ती बाळगून. राजाला त्याचा सोबती मिळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली!

आज इंग्रजी बोलणारा मनुष्य एखाद्या घटनेला ‘ट्रॅजिकॉमिक’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात प्लॉटसचे देव नसतात. समजा, एक म्हातारा निवृत्तिवेतन आणावयास कचेरीत गेला. कारकुनाने वही चाळून सांगितले, “आजोबा, कागदोपत्री तुम्ही वारला आहात. जिवंत असल्याचा दाखला आणा.” म्हातारा समोर उभा आहे, काठी आपटतो आहे, आणि वही त्याला मृत म्हणते आहे. रांगेतले लोक खो-खो हसतात. म्हातारा पैशांवाचून, भर उन्हात, पुन्हा चार मैल चालत घरी जातो. या प्रसंगाला फार्स म्हटले, तर म्हाताऱ्याचे पाय विसरले जातात. ट्रॅजेडी म्हटले, तर वहीचा मूर्खपणा निसटतो. दोन्ही एकत्र धरणारा शब्द तेवढा एकच आहे.

१९५३ मध्ये पॅरिस येथे सॅम्युएल बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक मूळ फ्रेंच रूपात प्रथम झाले. पुढे बेकेटने स्वतःच त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि नावाखाली ‘ट्रॅजिकॉमेडी’ असे लिहिले. त्यात देवही नाहीत आणि राजेही नाहीत. एका झाडाखाली दोन भणंग गोदोची वाट पाहत असतात. ते एकमेकांच्या टोप्या घालून पाहतात, आणि प्रेक्षक हसतात. गोदो शेवटपर्यंत येत नाही.