सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं

अमरावतीच्या राजापेठ बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहा घेताना कॉलेजातली नात आजोबांपुढे मोबाइल धरते. आजोबा विचारतात, "कोन व्हय वं हा?" नातीला नवल वाटतं. "आबाजी, याले तं सारे ओयखतात!" आजोबा गप्प होतात. जग पुढे गेलं आणि आपण मागे राहिलो, ही रुखरुख आता चाळिशीतल्यांनाही लागते. मात्र त्याच बाकावरच्या, नातीच्याच वयाच्या मुलाला विचारलं, तर त्यालाही तो चेहरा ठाऊक नसतो. म्हणजे हा प्रश्न निव्वळ वयाचा नाही.

वयाचा वाटा आहेच. मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी १९८९ साली निरनिराळ्या वयाच्या लोकांना अनेक दशकांतली गाणी ऐकवली. वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या आसपास गाजलेली गाणी त्यांना सर्वांत जवळची वाटली. पहिली नोकरी, लग्न, घर सोडणं हे सारं त्याच सुमारास घडतं आणि त्या आठवणी गाण्याला चिकटतात. नव्या गाण्याला आपली अशी एकही आठवण चिकटलेली नसते, म्हणून ते परकं वाटतं.

दुसरा वाटा वितरणाचा, आणि तो अमरावतीकरांना सांगायला नको. हे शहर चित्रपट वितरणाचं मोठं केंद्र होतं. सी. पी. अँड बेरार हा प्रांत नकाशावरून पुसला गेला, पण चित्रपट व्यवसायाने 'सी. पी. बेरार' हा विभाग तसाच जपला. तीन तासांचा चित्रपट म्हणजे हजार फुटांची सोळा-सतरा रिळं. पत्र्याच्या पेट्यांत भरलेल्या त्या प्रती मोजक्याच असत. एका टॉकीजमधून उतरलेली पेटी पुढच्या गावी जाई. लहान गावात चित्रपट उशिरा पोहोचे, पण पोहोचला की साऱ्या गावाचा होई. रेडिओचंही तसंच. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लागे. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. निवड थोडी होती, म्हणून ओळख सामायिक होती.

पुढे चित्रपट उपग्रहावरून थेट पडद्यावर उतरू लागले आणि पेट्यांचा प्रवास थांबला. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०२०च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले. आता काय दाखवायचं हे वितरक ठरवत नाही. आपण कुठे थांबलो, काय पुन्हा पाहिलं, यावरून यंत्रणा प्रत्येकाला वेगळं ताट वाढते. नातीला जे 'सारे ओळखतात' असं वाटतं, ते तिच्या पडद्यापुरतं खरं असतं. लाखोंनी पाहिलेला चेहरा शेजारच्या घरात अनोळखी असू शकतो.

म्हणून मागे पडल्याची खंत करू नये. ज्याला गाठायचं असा एकच जमाव आता उरलेला नाही. हळहळ वाटावी ती दुसऱ्याच गोष्टीची: एकाच गाण्यावर बोलणारी दोन पिढ्यांची बैठक मोडली. ती आपोआप जमणार नाही, जमवावी लागेल.

वऱ्हाडात त्यासाठी एक चांगलं निमित्त आहे. हिंदी पडद्यावर आपल्या बोलीला क्वचितच जागा मिळाली. आज अमरावती-अकोल्याकडची पोरं मोबाइलवर बेधडक वऱ्हाडीत बोलतात आणि पुण्या-मुंबईचे लोक ते आवडीने पाहतात. त्यातली एखादी म्हण, शेतातलं एखादं अवजार किंवा लग्नातली एखादी रीत नातीला कळत नाही, आजोबांना कळते. तिने चेहरा ओळखून द्यावा, त्यांनी म्हण उलगडून सांगावी. आठवड्यातून एकदा एकमेकांचं एकेक आवडतं गाणं पूर्ण ऐकावं, मधे न थांबवता. आवडलंच पाहिजे असं नाही. ते दुसऱ्याला का आवडतं, एवढं विचारलं तरी पुरे.