चढाईच्या भिंतीसाठी होल्ड (पकडी) निवडताना

• जग : चारही बोटं आत मावतील अशी खोलगट पकड. नवशिक्यांसाठी आणि लहान मुलांसाठी सुरुवातीला हेच भरपूर घ्या.
• क्रिम्प : जेमतेम बोटांची टोकं टेकतील एवढी अरुंद कड. कंडरांवर मोठा ताण येतो. बोटं तयार झाल्यावरच वापरा.
• स्लोपर : कड नसलेला गोलसर होल्ड. पकड टिकते ती तळहाताच्या घर्षणावर.
• पिंच : अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायचा.
• साहित्य : पॉलियुरेथेन हलकं आणि चिवट, पॉलिएस्टर रेझिन जड, आपटल्यास टवका उडतो.
• बोल्ट : युरोपात एम१०, अमेरिकेत ३/८ इंची. दोन्हींचे आटे जुळत नाहीत. खरेदीपूर्वी भिंतीतले टी-नट (ज्यात बोल्ट बसतो ते) तपासा.

फिरणारा होल्ड धोकादायक असतो. चढण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट घट्ट आहे ना, हे पाहाच.