मायक्रॉनची चढती भाजणी

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई बुडाली. पाणी ओसरल्यावर गटारांच्या तोंडाशी आणि मिठी नदीच्या काठाला प्लास्टिकच्या पिशव्यांचे थर दिसले. मिठीचं पात्र भराव टाकून कुणी आवळलं, हा प्रश्न अडचणीचा होता. पिशवी मात्र कुणाच्याच नात्यातली नव्हती. खापर तिच्यावर फुटलं. अर्थात ती अगदीच निर्दोष नव्हती. १९८८ आणि १९९८च्या पुरांत गटारं तुंबवल्याचा ठपका ठेवून बांगलादेशानं २००२मध्येच पॉलिथिनच्या पिशव्या बंद केल्या होत्या.

महाराष्ट्रानं २००६मध्ये नियम केले: पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको. तिथून पुढे बघावं तर सगळी चर्चा जाडीचीच. केंद्राची मर्यादा १९९९ला २० मायक्रॉन होती. २०११ला ४० झाली, २०१६ला ५०, २०२१ला ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२०. जाड पिशवी महाग पडेल, दुकानदार ती फुकट वाटणार नाही आणि वजन असल्यानं भंगारात तिला भाव येईल, असा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. पण भाजीच्या गाडीवर मायक्रॉन मोजणार कोण?

त्याच वर्षांची दुसरी नोंद डोलीच्या जाळ्यात होत होती. शंकूसारखं हे लांबलचक जाळं प्रवाहाच्या तोंडाला खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि बोंबील, मांदेली, जवळा शेपटाकडच्या बारीक विणीच्या भागात साठतो. डोल माशाच्या मागे जात नाही, पाणी आणील ते घेते. म्हणजे ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडणारं सगळंच घेते. उधाणाला पाण्याला ओढ जास्त, तसा कचराही जास्त. किनाऱ्यावर म्हावरं ओतलं की कोळणी निवडायला बसतात. जवळ्याच्या ढिगातून निघतात गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, वेफरची चंदेरी पाकिटं, आणि निर्माल्य भरून गाठ मारलेली पिशवी, जी कुणीतरी श्रद्धेनं पुलावरून फेकलेली असते. जवळा बोटाच्या पेराएवढा आणि पाकिटाचा तुकडाही तेवढाच, त्यामुळे चाळून भागत नाही, हातानंच वेचावं लागतं. या वेळेची मजुरी कुणी देत नाही.

जाळ्यात न आलेलं जातं कुठे? पॉलिथिन पाण्याहून हलकं, म्हणून आधी तरंगतं. उन्हानं ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडतात, त्यांवर शेवाळ धरलं की ते जड होऊन खाली बसतात. तिवरांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात. त्यांवर पिशव्या बसल्या की झाड गुदमरतं. तरंगती पिशवी कासवाला जेलीफिश वाटते. टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत कासवांचे पाय कापले जातात, आणि अशी जखमी ऑलिव्ह रिडले डहाणूच्या उपचार केंद्रात आणली जातात. ही जाळी शहरानं टाकलेली नसतात, हेही सांगायला हवं.

ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह या वकिलानं वर्सोव्याचा किनारा उपसायला घेतला. २०१६ला संयुक्त राष्ट्रांनी गौरव केला, मार्च २०१८मध्ये तिथे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली आणि ते फोटो सगळीकडे फिरले. काम मोठंच होतं. मात्र दर पावसाळ्यात समुद्र त्याच किनाऱ्यावर नवा कचरा आणून टाकतो, त्याचे फोटो कमी फिरतात.

२३ जून २०१८पासून राज्यात प्लास्टिकबंदीची कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. काही दिवस खिशाखिशांत कापडी पिशव्या दिसल्या. आठवडा उलटायच्या आत किराणा दुकानदारांना सुट्या मालाच्या पॅकिंगसाठी सवलत मिळाली. १ जुलै २०२२ला देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, सजावटीचं थर्माकोल बंद झालं. जवळ्यातून निघणारी चंदेरी पाकिटं त्या यादीत नव्हती. ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हात जागतिक कराराची बोलणी फिसकटली. प्लास्टिकचं उत्पादनच कमी करायचं का, यावरच एकमत होईना.

मला या सगळ्यात एकच तरतूद कामाची वाटत आली आहे, आणि तिचा जाडीशी संबंध नव्हता. पाण्याची रिकामी बाटली कचरावेचक उचलतो, कारण भंगारात तिला पैसे मिळतात. अनेक थरांच्या पाकिटाला कुणी हात लावत नाही, कारण ते कुणी विकत घेत नाही. २०१८च्या नियमांत दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे ठेवून, रिकामी पिशवी परत केल्यावर ते ग्राहकाला द्यायची सोय होती. दूधधंद्यातून कुरकुर झाली, मुदती वाढत गेल्या. आमच्याकडे दूध रोज पिशवीतूनच येतं; ते पन्नास पैसे दूधवाल्यानं कधी मागितले नाहीत आणि रिकामी पिशवीही नेली नाही.