धरणांच्या टोळीत साहेब कोण?

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.6 वरून 524.256 मीटरवर नेण्याचा वाद कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याला नवा नाही. नवी आहे ती त्यावरची तोड: पाण्याचा हिशेब एआय एजंटांकडे सोपवा. प्रत्येक धरणावर एक सॉफ्टवेअर बसेल, पाऊस आणि आवक पाहील, शेजारच्या धरणाशी बोलेल, विसर्ग ठरवेल. ठीक आहे, पण या टोळीत शब्द कुणाचा चालणार?

संगणकशास्त्रात हे कोडं जुनं आहे. रीड स्मिथ यांनी 1980 मध्ये ‘काँट्रॅक्ट नेट’ मांडलं: काम पुकारायचं, एजंटांनी बोली लावायची. पुढे ब्रायन हॉर्लिंग आणि व्हिक्टर लेसर यांनी उतरंड, बाजार, संघ, आघाडी अशा अनेक रचना तपासल्या. एकच रचना सगळीकडे चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नृसिंहवाडीत, ते लगेच पटतं.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे बघा. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दार आपसूक उघडतं, एकेका दारातून 1428 क्युसेक. वरच्या साहेबाच्या फोनची वाट बघणं नाही. मला या दारांचं भारीच कौतुक आहे. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, कुरुंदवाडात पाणी शिरलं, तरी या दारांना त्याचा पत्ता नसतो. कोयनेचे सहा वक्र दरवाजे माणसं हलवतात, खालचा अंदाज घेऊन. तरी 105 टीएमसीचं धरण काठोकाठ आलं की त्यांचाही इलाज चालत नाही. आणि अलमट्टीवर तर मुंबईचा हुकूमच चालत नाही.

म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर एक महाएजंट बसवायची कल्पना मला रुचत नाही. बंगळूरु त्याला जुमानणार नाही, आणि ऐन पुरात संपर्क तुटला तर बाकीचे आदेशाची वाट बघत बसतील. बाजारही नको. शिरोळचा बुडणारा ऊस आणि विजापूरची तहान यांत बोली कुणाची चढी ठरवायची?

उरतो संघ. धरण ज्याचं, अधिकार त्याचा. पण आवक-विसर्गाचे आकडे तासातासाला सर्वांपुढे ठेवायचे आणि पावसाळ्यात कुठल्या तारखेला किती साठा, हे आधीच लिहून घ्यायचं. हा करार सॉफ्टवेअर करणार नाही, दोन राज्यांच्या सरकारांनाच करावा लागेल. त्यात शिरोळकरांनी आपली एक अट घालून घ्यावी: कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची पातळी वाचल्याशिवाय कुठल्याही एजंटाने विसर्गाचा आकडा बदलायचा नाही.