एक संगणक, आठ टेलिफोन

परभणी जिल्ह्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर धरण आहे. नदीला पाणी येते ते पावसाच्या लहरीप्रमाणे. वीजनिर्मितीला आणि शेतीला ते हवे असते आपापल्या वेळी. पाणी येण्याचा आणि वापरण्याचा वेग जुळत नाही, म्हणून मध्ये साठा करावा लागतो. हेच तत्त्व संगणकातही उपयोगी पडते. कसे, ते पाहू.

१९८७ साली मुंबईत नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि आयआयटी या संस्थांत टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही घरून फोन लावूनच पलीकडच्या संगणकाशी बोलावे लागे. संगणकाचे संकेत टेलिफोनवरून जाण्याजोग्या ध्वनीत बदलणारे आणि ते परत ओळखणारे उपकरण म्हणजे मोडेम. साध्या संगणकाला मोडेम जोडण्याच्या जागा एकदोनच असत. युनिक्स संगणकावर एकाच वेळी आठ फोन घ्यायचे, तर आठ जागांचे सीरियल कार्ड बसवावे लागे. ते भरवशाचे आहे हे कसे ओळखावे?

थोडे गणित करू. मोडेमचा वेग सेकंदाला ९,६०० बिट धरा. एका अक्षराचे ८ बिट, शिवाय आरंभाचा एक आणि शेवटचा एक, असे १० बिट होतात. म्हणजे एका तारेवरून सेकंदाला ९६० अक्षरे आणि आठ तारांवरून ७,६८०. ८२५० ही जुनी चिप आलेले एकच अक्षर राखून ठेवी आणि प्रत्येक अक्षरासाठी प्रोसेसरला हाक मारी. आठ तारा मिळून दर ०.१३ मिलिसेकंदाला एक हाक! प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला, की नवे अक्षर जुन्याच्या जागी बसे आणि जुने कायमचे जाई. १६५५०ए या चिपमध्ये १६ अक्षरांचा साठा असतो. १४ अक्षरे जमल्यावरच हाक मारायची असे ठरवले, तर हाका सेकंदाला सुमारे ५५० वर येतात. काही कार्डांवर तर स्वतःचा प्रोसेसर आणि मोठी स्मृती असते.

पण साठा कितीही मोठा असला तरी कधीतरी भरतोच. म्हणून मोडेमला ‘थांब’ आणि ‘पाठव’ असे सांगणारी तार कार्डाला हवी. फोन तुटल्याची खबर देणारीही एक तार हवी. ती नसेल तर एकाचा फोन मध्येच तुटल्याचे युनिक्सला कळत नाही, आणि त्याच तारेवर फोन लावणाऱ्या दुसऱ्यापुढे पहिल्याचे खाते, त्याच्या खासगी पत्रांसह, उघडे राहते! शिवाय कार्ड चालवणारी आज्ञावली आपल्याच युनिक्सच्या आवृत्तीसाठी लिहिलेली असावी.

खरी परीक्षा सोपी आहे. आठही तारांवरून एकाच वेळी मोठी फाइल पाठवा आणि आलेली प्रत मूळ फाइलशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एका तारेवर उत्तम चालणारे कार्ड आठ तारांवर नापास होऊ शकते.

टेलिफोनवरचे मोडेम आता मागे पडले. तरी प्रयोगशाळांतील व कारखान्यांतील अनेक उपकरणे एकाच संगणकाला जोडण्यासाठी अशी कार्डे आजही वापरतात.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा : एका तारेवरचा वेग ३८,४०० बिट केला, तर ८२५० चिपमधले अक्षर उचलायला प्रोसेसरला किती वेळ मिळेल?